शब्द 70, मानकरी 12

प्रेस नोटच्या बुडाशी 'कंपनीविषयी' असा एक परिच्छेद असतो. वर नवी भट्टी पेटो की वृक्षारोपण होवो, खालचा मजकूर तोच. एकदाच तर लिहायचाय, असं वाटून लोक तो माझ्या गळ्यात मारतात.

समजा, कारखाना जालन्यातला, सळईचा. माझा मसुदा असा असतो: "1998 पासून जालना औद्योगिक वसाहतीत टीएमटी सळई बनवणारी कंपनी. 8 ते 32 मिलिमीटर व्यासाची, आयएस 1786 या भारतीय मानकानुसार एफई 500 दर्जाची सळई मराठवाड्यातल्या बिल्डरांना आणि सरकारी ठेकेदारांना पुरवते." खाली वेबसाइट, फोन. कोण, काय, कुठं, कधीपासून, कुणासाठी, सगळं 70 शब्दांच्या आत. मालक कागद उलटा करून मागं काही आहे का बघतात. "एवढंच? अहो, बारशाची पत्रिका याच्याहून मोठी असतीय!"

मग लग्नपत्रिकेचा कायदा लागतो. काकांचं नाव आलं की मामांचं यायलाच पाहिजे. थोरल्या शेठचे आशीर्वाद, धाकट्यांचं व्हिजन, सीए साहेबांची उलाढाल. शिवाय 'अग्रगण्य'. आमच्याकडं सगळेच कारखाने अग्रगण्य. मागं कोण राहिलंय ते अजून कळलेलं नाही.

'गेल्या 25 वर्षांपासून' तर मुळीच लिहू नये. पुढच्या वर्षी 26 करायला कुणी फिरकत नाही. साल लिहावं, वजाबाकी वाचणारा करतो. 'आयएसओने प्रमाणित' हेही चूक. आयएसओ फक्त मानक ठरवते. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी, आणि मुदत साधारण तीन वर्षांची. तेव्हा भिंतीवरच्या फ्रेमचा हार बाजूला सारून आधी तारीख वाचावी.

कॉम्प्युटरात 'फायनल', 'फायनल 2' आणि 'फायनल मालक ओके' अशा तीन फायली असतात. पेपरला हमखास जाते ती जुनी, जिच्यात शाखा अजून औरंगाबाद आणि उस्मानाबादलाच आहेत. फाइल एकच ठेवावी, नावात तारीख घालावी, सहा महिन्यांनी उघडून बघावी. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये टाकावा. जुन्या फॉन्टातला मजकूर उपसंपादकाकडं उघडला की सळईची जिलबी होते.

आणि बातमी कापतात खालून. जागा कमी पडली की पहिला बळी हाच परिच्छेद. उपसंपादक त्यातून कंपनीच्या नावाची वेलांटी आणि साल तपासून घेतो, मग कात्री लावतो. हे मालकांना मी आधी सांगत नाही. बिल निघायचं असतं.