चाळीस लाख रुपये सन्मानाने कसे घालवावेत

पैसा घालवण्याचे जे मार्ग आपल्याकडे रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांना समाजात मान नाही. जुगारात घालवला तर घरचे बोलतात, शेअर बाजारात घालवला तर सासरचे बोलतात आणि निवडणुकीत घालवला तर ज्यांनी तो घेतला तेही बोलतात. आलिशान मोटार हा एकच मार्ग असा आहे की, रक्कम जितकी मोठी जाईल तितके अधिक लोक पेढे मागायला येतात. तेव्हा ज्यांच्याजवळ घालवण्याजोगी रक्कम आहे, किंवा नाही पण बँक द्यायला तयार आहे, त्यांनी इकडेतिकडे न पाहता हाच मार्ग धरावा.

हिशेब मात्र आधीच करून टाकावा, म्हणजे नंतर तो करण्याचा मोह होत नाही. समजा, आपण पुण्यात किंवा मुंबईत ६० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीच्या किमतीची, पेट्रोल गाडी पसंत केली. त्यातले सुमारे १७ लाख हा ४० टक्के दराचा जीएसटी आहे, म्हणजे ती रक्कम गाडीच्या कोणत्याही चाकात, आसनात किंवा छतात शोधूनही सापडणार नाही. वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के रोड टॅक्स आहे, तो झाला ७ लाख ८० हजार. विमा, नोंदणी आणि इतर किरकोळ बाबींचे आणखी दोनेक लाख धरले की, गाडी दारात येईपर्यंत ७० लाख होतात. येथे काटकसरी वाचकांसाठी एक खास सूचना करावीशी वाटते. १ जुलै २०२५ पासून राज्यात रोड टॅक्सची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे, त्यामुळे पेट्रोल गाडीची किंमत सुमारे २ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक रुपयावर हा कर लागत नाही. बचत करण्याची खरीच इच्छा असेल, तर तीन कोटींची गाडी घ्यावी.

आता घसाऱ्याकडे, म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते त्याकडे, वळू. घसारा हा अत्यंत सभ्य खर्च आहे. तो बिल पाठवत नाही, फोन करत नाही, दारावर थाप मारत नाही, आणि म्हणूनच घरातील कर्त्या मंडळींना पेट्रोलचा भाव दोन रुपयांनी वाढल्याचे दुःख होते, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळपर्यंत दोन हजार रुपये गमावल्याचे होत नाही. विमा कंपन्या मात्र हे लपवून ठेवत नाहीत. त्यांचे जुने प्रमाणित कोष्टक असे की, पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरून गाडीचे विमामूल्य, म्हणजे विम्यापुरती धरलेली तिची किंमत, ठरवायचे. या कोष्टकापुढे पाच लाखांची हॅचबॅक आणि साठ लाखांची सेदान समान आहेत. इतकी निर्मळ समता आपल्याकडे फार ठिकाणी आढळत नाही. हॅचबॅकवाल्याचे अडीच लाख जातात, आपले तीस जातात, आणि टक्केवारीच्या दृष्टीने दोघेही एकाच पंक्तीला बसतात.

बाजार मात्र इतका समतावादी नाही. विमामूल्य तीस लाख असले तरी तीस लाख देणारा माणूस मिळेलच, असे नाही, कारण ज्याच्या खिशात तीस लाख आहेत त्याला त्याच पैशांत कोरी करकरीत, वॉरंटीसह आणि वरच्या मॉडेलची साधी एसयूव्ही मिळते. पाच वर्षांच्या जर्मन गाडीकडे तो प्रेमाने पाहतो, आसनावर हात फिरवतो, वॉरंटी संपल्याची तारीख विचारतो आणि घरी जातो. शिवाय एव्हाना कंपनीने नवे मॉडेल काढलेले असते, त्यातला पडदा मोठा झालेला असतो आणि आपली गाडी एका रात्रीत मागच्या पिढीतली झालेली असते. असो, आपण बाजाराचा उपद्रव बाजूला ठेवून उदार मनाने पूर्ण तीस लाख मिळाले, असे धरू. ७० दिले, ३० आले, म्हणजे ४० गेले.

हे चाळीस लाख स्वतःच्या पैशांचे असतील तर त्यात कौशल्य काही नाही. खरे कौशल्य कर्ज काढून ते घालवण्यात आहे. पन्नास लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ८० हजार ४०० रुपये बसतो, आणि पाच वर्षांत व्याजापोटी जवळजवळ सोळा लाख जातात. एकूण छप्पन्न लाख झाले. महानगरातल्या वाहतुकीत वर्षाला दहा हजार किलोमीटरांहून अधिक चालवायला सवड मिळत नाही, तेव्हा पाच वर्षांचे पन्नास हजार किलोमीटर धरल्यास दर किलोमीटरला ११२ रुपये पडले. पेट्रोल, ड्रायव्हर, सर्व्हिसिंग, टायर, टोल आणि पुढील चार वर्षांचा विमा यांत धरलेला नाही. मुंबईच्या फेब्रुवारी २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे काळीपिवळी टॅक्सी पहिल्या टप्प्यानंतर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे घेते. म्हणजे एका टॅक्सीत स्वतः बसून, मागे चार रिकाम्या टॅक्स्यांचा ताफा घेऊन आपण रोज कचेरीत जाऊ शकलो असतो आणि तरीही किलोमीटरमागे आठेक रुपये उरले असते. पण टॅक्स्यांच्या ताफ्याला सोसायटीचा वॉचमन सलाम करत नाही, ही अडचण आहेच.

काही सूज्ञ मंडळी येथे म्हणतील की, गाडी कंपनीच्या नावावर घ्यावी, म्हणजे घसारा आयकरात खर्च म्हणून दाखवता येतो. सल्ला उत्तम आहे. आयकर कायद्यात मोटारीवर साधारणतः १५ टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. मात्र कंपनीच्या नावावर गाडी घेतली की महाराष्ट्रात रोड टॅक्स १३ ऐवजी २० टक्के होतो, म्हणजे आपल्या गाडीवर ७ लाख ८० हजारांच्या जागी १२ लाख. कर वाचवण्याच्या कार्याचा आरंभ अशा रीतीने ४ लाख २० हजार रुपये जास्त कर भरून करावा. त्यानंतर दरवर्षी शंभर रुपये गमावल्याचे सिद्ध करून त्यांतले पंचवीस-तीस रुपये परत मिळवावेत आणि आपल्या चार्टर्ड अकाउंटंटचे जाहीर कौतुक करावे.

मुहूर्ताच्या बाबतीत तडजोड करू नये. २०२५ साली २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या शुभदिनी, ज्यांनी ६० लाखांची मोठी एसयूव्ही घरी आणली, त्यांनी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असा पन्नास टक्के कर भरला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, तो कर ४० टक्के झाला. तीच एसयूव्ही आता ५६ लाखांना मिळू लागली, आणि चतुर्थीच्या गाडीने अनंत चतुर्दशी आणि सर्वपित्री अमावास्या ओलांडेपर्यंत चार लाख रुपये निव्वळ उभ्या-उभ्या विसर्जित केले. ज्यांचा पितृपक्षावर विश्वास होता आणि जे त्या पंधरवड्यात खरेदी नको म्हणून थांबले, त्यांना मात्र पूर्वजांनी खरोखरच काहीतरी मागे ठेवले.

सुट्या भागांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणाचे सारे सौंदर्य तेथेच आहे. गाडीची किंमत दरवर्षी खाली येते, तिच्या हेडलाइटची येत नाही. साठ लाखांची गाडी पंधरा लाखांवर आली तरी तिचा एअर सस्पेन्शनचा पंप, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक संच आणि रडार बसवलेला बंपर हे सगळे स्वतःला अजूनही साठ लाखांच्याच गाडीचे समजतात आणि त्याच इतमामात बिल पाठवतात. साध्या विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून ‘झिरो डेप’ नावाचा, घसारा न कापणारा जोडविमा घ्यावा लागतो, आणि गाडी पाच-सहा वर्षांची होऊन त्याची खरी गरज लागू लागली की तो मिळणे कठीण होते. पावसाळ्यात तुंबलेल्या सबवेत इंजिनाने पाणी ओढले तर ते नुकसान साध्या विम्यात बसत नाही. त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ही माहिती अनेकांना एकाच दिवशी मिळाली.

म्हणूनच ज्यांना साठ लाख परवडत नाहीत, त्यांनी निराश न होता जुनी आलिशान गाडी घ्यावी. पहिल्या मालकाने घसारा सोसला, आपल्याला गाडी साध्या सेदानच्या भावात मिळाली, असा आनंद पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत नक्की टिकतो. घसारा पहिल्या मालकाकडे राहतो आणि गाडी आपल्याकडे येते, ही वाटणी कागदावर तरी न्याय्य आहे. पैसे शेवटी दोन्ही मालकांचे जातात. फरक इतकाच की, पहिल्याचे पैसे कोणाला न दिसता जातात आणि दुसऱ्याचे दर वेळी शाईत छापून, जीएसटीसह.

या विद्येत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका दिवसात दीडशे मर्सिडीझ गाड्या घेतल्या गेल्या. रक्कम होती सुमारे ६५ कोटी, आणि स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिले होते. आपले शहर उद्योगांच्या नकाशावर ठळक दिसावे, हा त्यामागचा हेतू होता आणि देशभर बातमी झाल्यामुळे तो सफलही झाला. जाहिरात म्हणून पाहिले तर सौदा वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गाडीमागे सरासरी किंमत ४३ लाखांच्या थोडी वर येते. त्या दिवाळीत सोने दहा ग्रॅमला वीस हजारांच्या आसपास होते, म्हणजे एका गाडीच्या किमतीत दोनशे तोळ्यांहून अधिक सोने येत होते, आणि २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. परंतु दोनशे तोळे सोने घालून कोणी बँकेच्या शाखेपुढे उतरत नाही आणि लॉकरचा फोटो वर्तमानपत्रात छापून येत नाही, त्यामुळे ही तुलना क्षुद्र मनोवृत्तीची म्हणून सोडून द्यावी. महत्त्वाचे हे की, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने त्या दीडशेपैकी ज्या अद्याप चालतात, त्यांची मुदत २०२५ मध्येच संपली. नूतनीकरणाचे शुल्क देशी बनावटीच्या मोटारीला अवघे पाच हजार रुपये आहे. एवढ्या वर्षांत ज्यांनी कशालाच नाही म्हटले नाही, त्यांनी या पाच हजारांना नाही म्हणू नये. मात्र भरण्याआधी मेकॅनिकला त्या हेडलाइटचा भाव एकदा विचारून घ्यावा.