पद्धत एका शाखेची नसते

शिक्षण, जैववैद्यक, वित्त आणि पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) या क्षेत्रांतील संशोधनाचा परस्परांशी फारसा संबंध नसल्याने लहान शहरांतील महाविद्यालयांनी त्यांपैकी एकच निवडावे, हे एका लेखातील मत सांगलीत संख्याशास्त्र शिकवताना मला पटत नाही. यादृच्छिक वाटपाची, म्हणजे कोणता उपाय कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवण्याची, कल्पना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे शेतीच्या प्रयोगांत रुजवली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या चाचणीत ती क्षयरुग्णांपर्यंत पोहोचली आणि पुढे मुंबई व वडोदरा येथील शाळांत, मागे पडलेल्या मुलांना ‘बालसखी’ (त्यांना वेगळे शिकवणारी स्थानिक तरुणी) कितपत उपयोगी पडते हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी तिच्याच आधारे तपासले. वाफ्यातून वर्गात आलेली ही पद्धत आमच्या द्राक्षपट्ट्यातील विद्यार्थ्यांना तर चटकन उमगते. वित्ताचेही तसेच आहे: लुई बाशेलिए यांनी १९०० साली पॅरिसच्या शेअरबाजारातील भावांसाठी मांडलेले गणित आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील ब्राउनीय गतीवरील (द्रवातील सूक्ष्म कणांच्या अनियमित हालचालीवरील) मांडणीशी जवळचे नाते सांगते.

पुंजभौतिकीबाबत मात्र मी सावध आहे, कारण तिचे नाव हल्ली कशालाही चिकटवले जाते. तरीही मिरजेत एमआरआयसाठी रांगेत बसलेल्या रुग्णाचे निदान हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या स्पिन या पुंजभौतिकीय गुणधर्मावरच अवलंबून असते. म्हणून एकच शाखा निवडण्यापेक्षा सर्व विभागांना प्रयोगाची आखणी सुरू होण्यापूर्वी सल्ला देणारा एक संख्याशास्त्रज्ञ नेमणे मला अधिक निकडीचे वाटते. आकडे गोळा झाल्यावर त्याच्याकडे धावण्यात अर्थ नसतो.