ओ कुठून आला?

मूल झालं की आपल्याकडे त्याची रीतसर वाटणी होते. आमच्या चिरंजीवांची बारशाच्या दिवशी पाळण्याभोवतीच झाली. नाक आत्याचं. हनुवटी आजोबांची. लांब बोटं पणजोबांची, कारण ते पेटी वाजवायचे. (वाजवायचे नाहीत, दुरुस्त करायचे, हे मला पुढे कळलं.) एवढं सगळं सासरी जमा झाल्यावर उरलं ते विरळ जावळ. ते माझ्या माहेरच्या नावावर चढलं. "तुझ्या बाबांचं टक्कल घेऊन आलाय हो," सासूबाई म्हणाल्या, आणि बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.

हे मी निमूट ऐकून घेतलं, कारण नाकाला पुरावा नसतो. पुरावा घरात शिरला तो शाळेच्या फॉर्ममधून. त्यात रक्तगटाचा रकाना होता. नवरा ए पॉझिटिव्ह, मी बी पॉझिटिव्ह, आणि रिपोर्टात पोरगा ओ पॉझिटिव्ह.

सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. "आमच्यात ए, तुमच्यात बी. मग हा ओ कुठून आला?" त्यांचा आवाज इतका साधा होता की सासऱ्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

नणंदेचा फोन आला. लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं तिचं ठाम मत पडलं. मग दुसरी लॅब, पुन्हा सुई, पुन्हा भोकाड, पुन्हा चॉकलेट. पुन्हा ओ.

तेव्हा मी स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणल्या. तूरडाळ म्हणजे ए, मसूर म्हणजे बी, साबुदाणा म्हणजे ओ. ("एकादशीचा आहे, सांडू नकोस.") प्रत्येक माणसाकडे दोन दाणे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. नवऱ्याच्या ताटलीत मी एक तुरीचा आणि एक साबुदाणा ठेवला, माझ्या ताटलीत एक मसुरीचा आणि एक साबुदाणा. ए आणि बी स्वतःला दाखवतात, ओ दाखवत नाही. ओ म्हणजे आमचे सासरे: घरात असतात, पण सासूबाई समोर असेपर्यंत आवाज बाहेर येत नाही. हे उदाहरण मी अर्थातच मनातल्या मनात दिलं. उघडपणे एवढंच सांगितलं, की आम्ही दोघांनी नेमका साबुदाणाच पुढे दिला की पोरगा ओ. अशा आईबापांना ए, बी, एबी आणि ओ चारही प्रकारची मुलं होऊ शकतात, प्रत्येकाची शक्यता पंचवीस टक्के.

"म्हणजे याच्यातही ओ आहे?" सासूबाईंनी लेकाकडे बघत विचारलं.

"असणारच. तुम्हा दोघांपैकी कोणाकडून तरी आला असेल."

"यांच्याकडून," त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या.

कार्ल लँडस्टायनरनं व्हिएन्नात हे रक्तगट शोधले त्याला सव्वाशे वर्षं होत आली. १९३० साली त्याला त्यासाठी नोबेलही मिळालं. ते आईबापांकडून मुलांकडे कसे उतरतात, याचा नेमका हिशेब फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञानं १९२४ च्या सुमारास मांडला. गणितज्ञानं म्हटल्यावर सासऱ्यांनी मान डोलावली. सासूबाईंनी साबुदाणा परत डब्यात ओतला.

त्यांना तरी का दोष द्यावा? खुद्द चार्ली चॅप्लिनवर एका नटीनं पितृत्वाचा दावा लावला होता. आई ए, बाळ बी, चॅप्लिन ओ. बाळाला बी देणार कोण? आईकडे नाही, चॅप्लिनकडेही नाही. म्हणजे बाप तिसराच कोणीतरी. एवढं लख्ख असूनही १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं चॅप्लिनलाच बाप ठरवलं आणि पोटगी त्याच्या गळ्यात मारली. आमच्या डायनिंग टेबलाची ज्यूरी त्या मानानं बरीच पुरोगामी निघाली.

प्रकरण मिटत आलं होतं, तेवढ्यात शेजारचे काका चहाला आले. ते रक्तपेढीतून निवृत्त झालेले, आणि अशा माणसाला रक्ताचा विषय निघालेला भिंतीपलीकडूनही कळतो. "वहिनी, हे तर काहीच नाही," ते म्हणाले. "दोन्ही आईबाप ओ आणि मूल ए, असंही होतं." मग त्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप काढला. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पदार्थच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो, त्यामुळे साध्या तपासणीत माणूस ओ वाटतो. आत मात्र ए किंवा बीचं जनुक दडलेलं असतं आणि ते पुढच्या पिढीत उगवतं. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक माणूस असा. त्याला रक्त चालतं तेही फक्त तसल्याच माणसाचं, साधं ओसुद्धा चालत नाही.

सासूबाईंचं माहेर गिरगावातलं. मुंबईच्या नावाचा रक्तगट आहे म्हटल्यावर त्यांचा नूरच पालटला. "आमच्यात असेल कोणाला तरी," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन भावांना तपासून घ्यायला फोन केले. दोन्ही आईबाप पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकतं, हे काकांनी सुरू केलं होतं. मी त्यांना चहाबरोबर चकली दिली.

खरा भडका उडाला तो टोमॅटोंवरून. माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून तो दर रविवारी पिशवीभर कच्चे टोमॅटो आणतो. त्या रविवारीही आणले. "बापावर गेलाय," सासूबाई सवयीनं म्हणाल्या. "यांनाही बाजारातलं काही कळत नाही."

आता मात्र मला राहवलं नाही. हा रंगांधळेपणा एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो. एक्स मिळतो तो आईकडूनच. गिरगावातले आजोबा, म्हणजे सासूबाईंचे वडील, शाळामास्तर होते आणि वह्या कधी लाल तर कधी हिरव्या शाईनं तपासायचे. ती त्यांची खास पद्धत होती, असं घरात आजवर अभिमानानं सांगितलं जात होतं.

सासरे हसले. मोठ्यानं, पेपर बाजूला टाकून. लग्नानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी एक कच्चा टोमॅटो हातात फिरवला. "मुलाला एक्स आईकडूनच का गं?"

"हो, आई."

"आणि टकलाचं?"

टकलाची जनुकं पुष्कळ आहेत आणि ती दोन्ही घरांतून येतात. पण त्यातलं सगळ्यात वजनदार जनुक नेमकं एक्सवरच बसलेलं आहे.

"आई," मी उठत म्हणाले, "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?"