रोनास हिल: उंची फक्त ४५० मीटर, आणि कृपा करून तिथला एकही दगड हलवू नका

स्कॉटलंडच्या उत्तरेला भर समुद्रात शेटलंड बेटं आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाला तिथले लोक मेनलँड म्हणतात. त्याच्या वायव्य भागात रोनास हिल ही टेकडी आहे, अख्ख्या शेटलंडमधली सर्वात उंच जागा. उंची ४५० मीटर. आपलं पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे या टेकडीचा माथा लक्ष्मी रस्त्यापेक्षाही खाली. हा आकडा वाचून सह्याद्रीत फिरलेला माणूस "तासाभरात उरकू" म्हणतो, आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते.

हल्ली लंडन-एडिनबरा-अबर्डीनकडची आपली मंडळी उन्हाळ्यात शेटलंडला जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं मुख्य म्हणणं एकच आहे. डोंगरमाथ्यावर पोचलं की दगडावर दगड रचून लगोरी उभी करायची आणि तिचा फोटो काढायचा, ही सवय रोनास हिलवर नेऊ नका. इतर डोंगरांवर ती नुसती खटकते. इथे तिने खरोखरचं नुकसान होतं. कसं, ते सांगतो.

रोनास हिल लाल ग्रॅनाइटची आहे. हा ग्रॅनाइट झिजून त्याचा जाडाभरडा मुरूम होतो. ही जागा ६० अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडी वर, चारी बाजूंना समुद्र आणि वारा जवळजवळ कायमचा. हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास घुटमळत राहतं आणि बर्फ पडला तरी वारा तो टिकू देत नाही. त्यामुळे जमिनीवर बर्फाचं पांघरूण राहत नाही. ती उघडीच गोठते, वितळते, पुन्हा गोठते. ओल्या बारीक मातीत बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि वरचे खडे उचलून धरतात. सुया वितळल्या की खडे खाली पडतात, पण उतारावर ते जरा खालच्या बाजूला पडतात. असं वर्षानुवर्षं चालू राहिलं की जाड दगड एका बाजूला, बारीक माती दुसऱ्या बाजूला अशी आपोआप वर्गवारी होते आणि उतारावर दगडांचे पट्टे उमटतात, शेतात पाभर फिरवावी तसे.

शेजारीच वाऱ्याचं काम दिसतं. वारा जिथे थेट आपटतो तिथे नुसता मुरूम, आणि आडोशाला हिरवी पट्टी. उताराला तर चक्क पायऱ्या पडल्यात. पायरीचा सपाट भाग उघडा, खडीचा, आणि पुढची कड गवत-शेवाळाने बांधलेली. लांबून कोकणातल्या भाताच्या खाचरांची आठवण यावी, फक्त ही कोणी बांधलेली नाहीत. मुख्य स्कॉटलंडमध्ये असलं काही बघायला याहून बऱ्याच उंचीवर चढावं लागतं. इथे ते जेमतेम ३००-४०० मीटरवर आहे आणि आजही चालू आहे. म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन अजून काम करतेय. तिथून पंधरा-वीस दगड उचलून लगोरी रचली की तो पट्टा मोडला. खालची माती उघडी पडली की पुढचा वारा ती घेऊन जातो.

हलवलेला दगड ओळखायलाही सोपा. वर्षानुवर्षं एका जागी असलेल्या दगडावर राखाडी-काळसर दगडफूल चढलेलं असतं, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. तोच दगड उलटवला की खालची बाजू कोरी, गुलाबी. ते दगडफूल इतकं सावकाश वाढतं की तो डाग आपल्या हयातीत बुजायचा नाही.

आणि एकदा गुडघ्यावर बसून खाली बघाच. मुरमात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उंचीची, नखाएवढ्या गोल चकचकीत पानांची एक वनस्पती दिसेल. ते झाड आहे. बुटका विलो. त्याच्या फांद्या जमिनीखाली पसरतात आणि वर फक्त पानं येतात, म्हणून वाऱ्याला ते सापडत नाही. शेटलंडमध्ये झाडं नाहीत असं सर्रास म्हणतात. इथे मात्र लोक झाडांवर पाय देऊन चालतात आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणून पाय शक्यतो दगडावर किंवा उघड्या खडीवर ठेवा, हिरव्या पट्टीवर नको.

आता जायचं कसं. अबर्डीनहून लर्विकला (शेटलंडचं मुख्य गाव) रात्रभराची बोट आहे, बारा ते चौदा तास लागतात. उन्हाळ्यात गाडीसकट जायचं तर बुकिंग फार आधी करावं लागतं. लर्विकहून गाडीने उत्तरेला साधारण तासाभराचा रस्ता. वाटेत मेव्हिस ग्राइंड लागतं. ही जमिनीची इतकी अरुंद पट्टी आहे की एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला नॉर्थ सी. पुढे कोलाफर्थला डावीकडे एक अरुंद रस्ता कोलाफर्थ हिलवर चढतो. वर नाटोचं जुनं ठाणं होतं, मनोरे अजून दिसतात. तिथे गाडी लावली की तुम्ही २०० मीटरच्या वर असताच. तिथून माथा पश्चिमेला. जाऊन-येऊन सुमारे ७ किलोमीटर, तीन ते चार तास.

सात किलोमीटरला चार तास कशाला? कारण पायवाट नाही. खुणा नाहीत, पाट्या नाहीत. आधी रोगा फील्ड, मग मिड फील्ड हे दोन उंचवटे, त्यानंतर खिंडीसारखा खोलगट भाग (असल्या खिंडीला शेटलंडची माणसं 'स्कॉर्ड' म्हणतात) आणि मग शेवटचा चढ. बरंचसं चालणं सुट्या धोंड्यांवरून. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत असतो, बूट छान धरतो. पण धोंड्यांच्या मधल्या फटी शेवाळाने झाकलेल्या असतात आणि पाय आत जाऊन घोटा मुरगळतो. पातळ तळव्याचे स्पोर्ट्स शूज इथे चालत नाहीत, घोटा झाकणारे कडक तळव्याचे बूट हवेत. खोलगट भागात पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, काळा चिखल लागतो. तिथे हेदरच्या झुडपांवर किंवा गवताच्या गड्ड्यांवर पाय टाका. चमकदार हिरवं शेवाळ दिसलं की समजा खाली पाणी आहे.

आपला पावसाळी पोंचो घरीच ठेवा. त्या वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि धोंड्यांवर तोल जातो. अंगाला घट्ट बसणारं वाराबंद जॅकेट, रेनपँट, कानटोपी आणि जुलैतसुद्धा हातमोजे. जुलैत दिवसाचं कमाल तापमान खाली किनाऱ्यावरच १४ अंशांच्या आसपास असतं. अंदाजात ताशी ६० किलोमीटरचे झोत दिसले तर बेत दुसऱ्या दिवसावर टाका. वर आडोसा नाही.

सगळ्यात मोठा धोका धुक्याचा. खाली लख्ख ऊन असताना माथ्यावर ढग बसलेला असतो. वर पोचल्यावर तो उतरला की चारी बाजू सारख्याच दिसतात आणि माणूस नकळत उताराकडे वळतो. इथे ते नडतं. दक्षिणेची बाजू दीडेक किलोमीटरमध्ये थेट समुद्राच्या खाडीपर्यंत, रोनास व्होपर्यंत, कोसळते. उत्तरेला गेलात तर नॉर्थ रो या भागातल्या डबक्या-तळ्यांच्या चक्रव्यूहात अडकाल. परतीची दिशा पूर्व. वर चढतानाच होकायंत्रावर ती बघून ठेवा आणि प्रत्येक उंचवट्यावर मागे वळून बघा, म्हणजे परतीचं चित्र डोक्यात राहील. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ४६९ हा नकाशा कागदावर हवा. नुसत्या मोबाइलच्या भरवशावर राहू नका, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

माथ्यावर एक दगडी थडगं आहे, नवाश्मयुगीन, म्हणजे काही हजार वर्षांपूर्वीचं. आत जायची वाट इतकी बुटकी की रांगावं लागेल. हे संरक्षित स्मारक आहे. लोक वारा अडवायला त्याचेच दगड उचलून भिंत रचतात, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. वाऱ्यापासून बचाव हवा असेल तर मोठी प्लॅस्टिकची बिव्ही बॅग सोबत न्या आणि तिच्यात शिरून डबा खा. थडगं बांधणाऱ्या त्या नवाश्मयुगीन लोकांची हत्यारं उत्तरेला बॉर्ग्स ऑफ उयेआच्या खाणींतून निघायची. तिथल्या फेल्साइट दगडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी आणि पातळ सुऱ्या शेटलंडभर सापडतात.

वरून हवा स्वच्छ असेल तर जवळजवळ सगळं शेटलंड दिसतं. फौला, येल, अन्स्ट ही बेटं, आग्नेयेला सलम व्होचं तेल टर्मिनल. खाली रोनास व्होच्या काठी 'हॉलंडर्स नो' नावाची जागा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'वापेन व्हान रॉटरडॅम' हे पूर्वेकडे निघालेलं जहाज वादळात मोडून या खाडीत आसऱ्याला आलं आणि १६७४ च्या सुरुवातीला इंग्रजांनी लढाई करून ते पकडलं. मेलेल्या डच खलाशांना तिथेच पुरलं. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि याच कंपनीची वखार तेव्हा आपल्या वेंगुर्ल्याला होती.

माथ्यावरून पश्चिमेला उतरलं की लँग एअर हा लाल खडीचा लांबच लांब किनारा. सुंदर आहे, पण हिशोब नीट करा: सगळं अंतर जवळपास दुप्पट होतं, शेवटचा उतार उभा आणि सुटा आहे, आणि उतरलेली सगळी उंची परत चढायची आहे. दुपारी दोनला माथ्यावर असाल तर जूनमध्ये ठीक, कारण दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो आणि रात्रीही 'सिमर डिम'चा संधिप्रकाश राहतो. डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो. तेव्हा लँग एअरचा विचारच नको.

एप्रिल ते ऑगस्ट तळ्यांच्या काठाने चालू नका. लाल गळ्याचा डायव्हर हा पाणपक्षी, तिथल्या बोलीत 'रेन गूज', अगदी पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. माणूस दिसला की तो गुपचूप पाण्यात सरकतो, अंडी गार पडतात, नाहीतर बोंक्सी म्हणजे ग्रेट स्कुआ हा मोठा समुद्रपक्षी ती उचलतो. बोंक्सी तुमच्या डोक्यावर झडप घालेल. काठी डोक्याच्या वर उभी धरा, तो काठीच्या टोकाकडे येतो. मारू नका. बर्ड फ्लूने गेल्या काही वर्षांत त्याची संख्या भयंकर घटली आहे.

रेन गूजबद्दल शेटलंडच्या मासेमारांची म्हण आहे: तो डोंगराकडे उडाला तर खुशाल बोट काढा, समुद्राकडे निघाला तर बोटी वर ओढा. कोलाफर्थला गाडी लावलीत आणि तो ओरडत समुद्राकडे जाताना दिसला, तर अंदाज पुन्हा एकदा उघडून वाऱ्याचा आकडा बघा.