स्टॅन बोल्सचे किस्से पुरे, आता त्याचा खेळ बोलूया

सत्तरच्या दशकातला इंग्लिश फुटबॉलपटू स्टॅन बोल्स २४ फेब्रुवारी २०२४ ला गेला, पंचाहत्तराव्या वर्षी. तेव्हा इंग्लंडमध्ये त्याच्यावर आलेले बरेच लेख मी वाचले. लिहिणाऱ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्याबद्दल शंका नाही. पण सगळ्या लेखांत किस्से तेच. सामना सुरू व्हायला काही मिनिटं उरलेली असताना तो सट्ट्याच्या दुकानात घोड्यावर पैसे लावत असायचा. संडरलंड क्लबने नुकताच जिंकलेला एफए कप, म्हणजे इंग्लिश फुटबॉलचा मानाचा चषक, मैदानाकडेच्या टेबलावर मांडून ठेवला होता, तो याने बॉल मारून खाली पाडला. टीव्हीवरच्या एका स्पर्धेत पिस्तूल हातात दिलं, तर गोळी टेबलात घातली. वाचणारा खूश, लिहिणारा खूश. आणि ज्या पायांसाठी लोक तिकीट काढून यायचे त्या पायांबद्दल जेमतेम दोन ओळी.

माझा राग या लेखांवर आहे. गेली पन्नास वर्षं या माणसाबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, तो गमतीशीर वल्ली होता. दोन, त्याने स्वतःचं सोनं मातीत घातलं. मला या दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते जरा सविस्तर लिहितो.

खेळापासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यानंतर येतं.

ऑगस्ट १९७५. क्वीन्स पार्क रेंजर्स, म्हणजे क्यूपीआर, हा पश्चिम लंडनमधल्या शेफर्ड्स बुशचा छोटा क्लब. लॉफ्टस रोड हे त्यांचं मैदान, चहूबाजूंनी घरांनी वेढलेलं. प्रेक्षक मैदानाच्या कडेच्या रेषेच्या इतके जवळ की खेळाडूला शिव्या आणि शाबासकी दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला २-० ने हरवलं. पुढच्याच आठवड्यात ते गतविजेत्या डर्बी काउंटीच्या घरी गेले आणि ५-१ ने जिंकून आले. त्या पाचांतले तीन गोल बोल्सचे.

त्या संघाचा मॅनेजर डेव्ह सेक्स्टन डच फुटबॉलचा अभ्यासक होता. इंग्लंडमध्ये त्या काळी लांब बॉल टाका, चिखलातून धावा, हाडं मोडा, असा खेळ सर्रास चालायचा. सेक्स्टनचा संघ मात्र बॉल जमिनीवर ठेवून, जागा बदलत, एकमेकांना देत-घेत खेळायचा. कप्तान जेरी फ्रान्सिस मधून धावत यायचा, विंगवर डेव्ह थॉमस, पुढे डॉन गिव्हन्स, मागे अनुभवी फ्रँक मॅकलिंटॉक. आणि या सगळ्यांच्या मध्ये दहा नंबरचा शर्ट घातलेला किडकिडीत बोल्स. तो फार वेगवान नव्हता, ताकदवानही नव्हता. जुन्या सामन्यांच्या व्हिडिओचे तुकडे लावून बघा: बॉल येतो, डाव्या पायाखाली थांबतो, बोल्स क्षणभर काहीच करत नाही. समोरच्या बचावपटूला ते सहन होत नाही, तो पाय घालतो, आणि तेवढ्यात बॉल फ्रान्सिसच्या वाटेत गेलेला असतो. हे थांबणं ज्याला जमतं तोच खरा प्लेमेकर, म्हणजे संघाचा खेळ रचणारा. पळायला कुणालाही शिकवता येतं.

तो मोसम कसा संपला हे इंग्लिश फुटबॉलच्या चाहत्यांना माहीत असेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७ एप्रिल १९७६ ला क्यूपीआर नॉर्विचमध्ये ३-२ ने हरले. त्या एका पराभवाने घात केला. २४ एप्रिलला लीड्सला २-० ने हरवून त्यांनी आपले सामने संपवले, तेव्हा तक्त्यात ते सगळ्यात वर होते. लिव्हरपूलचा एक सामना बाकी होता आणि तो होता ४ मे ला, वुल्व्ह्जविरुद्ध. म्हणजे दहा दिवस नुसती वाट बघायची. त्या सामन्यात शेवटची पंधराएक मिनिटं उरेपर्यंत वुल्व्ह्ज १-० ने पुढे होते. क्यूपीआर विजेते ठरणार होते! मग लिव्हरपूलने तीन गोल केले. लिव्हरपूल ६० गुण, क्यूपीआर ५९. तो क्लब त्याआधी कधी इतका वर गेला नव्हता आणि त्यानंतरही गेलेला नाही. पुढच्या मोसमात युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत बोल्सने ११ गोल केले आणि क्यूपीआर पहिल्यांदाच युरोपात खेळत असूनही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले.

सप्टेंबर १९७२ ते डिसेंबर १९७९, सात वर्षांहून जास्त काळ तो तिथे होता. तीनशेवर सामने आणि शंभराच्या घरात गोल. एका छोट्या क्लबला इतिहासातला सर्वोत्तम संघ मिळाला आणि त्या संघाचा आत्मा हा माणूस होता. याला कुणी मातीत घातलेलं सोनं म्हणत असेल, तर त्याने शेफर्ड्स बुशमध्ये जाऊन तसं म्हणून दाखवावं. मी कोल्हापूरचा आहे. तालमीचा एखादा पोरगा शाहू स्टेडियमवर तीन जणांना चकवून जातो तेव्हा पेठ त्याला आयुष्यभर आपला मानते, तो पुढे कुठे पोहोचला याचा हिशोब मागत नाही. शेफर्ड्स बुशचं आणि बोल्सचं नातं मला तसंच दिसतं.

तिथपर्यंतची वाट मात्र त्याच्यासाठी सोपी नव्हती. २४ डिसेंबर १९४८ ला मँचेस्टरमधल्या कॉलिहर्स्ट या गरीब कामगार वस्तीत तो जन्मला. मँचेस्टर सिटीकडून १९६७ मध्ये पहिल्यांदा खेळला, सुरुवातीलाच गोल केले. तिथला कोच माल्कम ॲलिसन याच्याशी त्याचं बिनसलं आणि त्याला जावं लागलं. मग बरी नावाचा क्लब, तिथेही टिकला नाही. मग क्रू, चौथ्या डिव्हिजनमधला क्लब. मग कार्लाइल. बाविसाव्या वर्षी त्याचं नाव कुणी विचारत नव्हतं. तिथून तो परत वर आला, तेही केवळ खेळाच्या जोरावर. शिस्त नसलेला माणूस एवढी चढण चढू शकत नाही असं मला वाटतं. त्याची शिस्त वेगळी होती, बॉलपुरती होती.

क्यूपीआरमध्ये आला तेव्हा रॉडनी मार्श नुकताच सोडून गेला होता आणि प्रेक्षकांच्या लाडक्या मार्शचा दहा नंबर घालायला कुणी धजावत नव्हतं. बोल्सने तो सरळ घेतला. मार्शचं नाव आपण ऐकलंच नव्हतं, असं तो पुढे सांगायचा.

आता इंग्लंड. खरी उधळपट्टी झाली ती इथे.

बोल्स इंग्लंडसाठी फक्त ५ सामने खेळला. ॲलन हडसन २. चार्ली जॉर्ज १. पीटर ऑस्गुड ४. फ्रँक वर्दिंग्टन ८. रॉडनी मार्श ९. एका पिढीतले सहा सर्वांत कल्पक खेळाडू, सहा जणांचे मिळून २९ सामने. आणि त्या काळात इंग्लंडने काय मिळवलं? १९७४ च्या वर्ल्ड कपला पात्र नाही. १९७६ च्या युरोला, म्हणजे युरोपियन देशांच्या स्पर्धेला, पात्र नाही. १९७८ च्या वर्ल्ड कपलाही नाही, तिथे इटली गोलफरकाने पुढे गेली. सहा जण बेशिस्त होते म्हणून बाहेर ठेवले, ठीक आहे. मग जे शिस्तीचे आत ठेवले त्यांनी काय दिलं?

९ फेब्रुवारी १९७७, वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध हॉलंड. हा बोल्सचा पाचवा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. हॉलंडने २-० ने जिंकला आणि योहान क्रायफने इंग्लंडला फुटबॉलचा धडा दिला. आता हा क्रायफ कोण? १९७४ च्या वर्ल्ड कपमध्ये अख्खा डच संघ आदिदासचा तीन पट्ट्यांचा शर्ट घालत असताना, आपला करार दुसऱ्या बुटाच्या कंपनीशी आहे म्हणून दोन पट्ट्यांचा शर्ट घालून खेळणारा माणूस. सिगारेट ओढणारा, अधिकाऱ्यांशी वाद घालणारा, पैशांवरून अडून बसणारा. डचांनी त्याच्यासाठी वेगळा शर्ट शिवला आणि संघ त्याच्याभोवती बांधला. बोल्सबद्दलही अशीच गोष्ट सांगतात, की दोन कंपन्यांकडून पैसे घेऊन तो एका पायात एकीचा आणि दुसऱ्या पायात दुसरीचा बूट घालून इंग्लंडसाठी उतरला. क्रायफचं बंड हे स्वाभिमान ठरलं आणि बोल्सचं बंड हा विनोद. फरक माणसांत कमी होता, त्यांना सांभाळणाऱ्यांत जास्त होता.

बोल्स निर्दोष होता असं मी म्हणत नाही. मे १९७४ मध्ये इंग्लंडचा तेव्हाचा मॅनेजर जो मर्सरने, ज्याच्या मँचेस्टर सिटीतून तो एकेकाळी बाहेर पडला होता त्याच मर्सरने, त्याला इंग्लंडसाठी निवडलं. वेल्सविरुद्ध गोल केला. पुढच्या सामन्यात उत्तर आयर्लंडविरुद्ध बदली केलं म्हणून हा चिडून संघ सोडून निघून गेला. सहा वर्षांनी तेच. ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना, संघातला सहकारी जॉन रॉबर्टसन याच्या गौरव सामन्यात क्लफने घेतलं नाही म्हणून तो रुसला आणि १९८० च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यासाठी माद्रिदला गेलाच नाही. फॉरेस्ट जिंकलं, रॉबर्टसनच्याच गोलवर. युरोपचं सर्वांत मोठं पदक हाताच्या अंतरावर होतं आणि त्याने पाठ फिरवली. हे वाचताना मला दरवेळी त्रास होतो. इथे चूक त्याची होती, संपूर्ण त्याची.

पण जुगाराचं तसं नाही. आणि पोस्ट लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

क्रूचा मॅनेजर अर्नी टॅग म्हणाला होता की स्टॅन बॉल जसा सहज 'पास' करतो तसा सट्ट्याच्या दुकानावरून पास होऊ शकला असता, तर त्याला कसलीच काळजी उरली नसती. हे वाक्य त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात छापतात, हसत हसत. मी ते वाचतो तेव्हा मला दिसतो विशी ओलांडलेला, आजारी असलेला मुलगा, आणि त्याचा आजार स्पष्ट दिसत असूनही त्यावर कोटी करणारा साहेब. १ मे १९६१ पासून ब्रिटनमध्ये रस्त्यावरची सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली, तेव्हा बोल्स बारा वर्षांचा होता. म्हणजे तो वाढला तो या दुकानांच्या पहिल्या पिढीत. लॉफ्टस रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हाइट सिटीचं कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं. सराव दुपारी संपायचा, उरलेला दिवस मोकळा, खिशात पगार. पैसे संपले की क्लबकडून उचल, असं सांगतात. जुगाराच्या व्यसनातून बाहेर काढणारे मदतगट ब्रिटनमध्ये १९६४ पासून होते. पण ड्रेसिंग रूममध्ये कुणाच्या मनात आलं नाही की याचा हात धरून तिथे न्यावं. खेळाडूंच्या व्यसनांवर उपचार करणारी संस्था आर्सेनलच्या टोनी ॲडम्सने काढली ती थेट २००० साली, तेही स्वतः दारूतून बाहेर पडल्यावर.

तुम्ही म्हणाल, तो काळच तसा होता. मग आजचं बघा. बोल्स फॉरेस्टनंतर ओरिएंटला गेला आणि १९८१ मध्ये ब्रेंटफर्डला. त्याच ब्रेंटफर्डचा स्ट्रायकर आयव्हन टोनी याच्यावर मे २०२३ मध्ये सट्टेबाजीचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. तज्ज्ञाने त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं निदान केलं आणि त्यामुळे शिक्षा तीन महिन्यांनी कमी झाली. आणि त्या काळात टोनी जो शर्ट घालून खेळत होता त्याच्या छातीवर नाव कुणाचं होतं? सट्टा कंपनीचं! प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या मोसमानंतर छातीवर ही नावं नकोत. बाहीवर चालतील. मैदानाकडेच्या फलकांवर चालतील. शनिवारी रात्री जागून हे सामने बघणाऱ्या आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर ती नव्वद मिनिटं फिरत राहतील. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मला तो हवाच होता. पण त्याआधी किती वर्षं आपले आवडते क्रिकेटपटू टीव्हीवर येऊन आपल्याला टीम लावायला सांगत होते?

म्हणून बोल्सच्या घोड्यांच्या गोष्टी मला आता हसून सांगवत नाहीत. ज्याने कमावलेलं सगळं त्या दुकानांत गेलं, त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल ते कुठल्याही किश्शात येत नाही.

२०१५ मध्ये त्याला अल्झायमर असल्याचं समोर आलं. नंतर तो मँचेस्टरलाच राहिला. २०२२ मध्ये क्यूपीआरने लॉफ्टस रोडच्या एलर्स्ली रोड बाजूच्या स्टँडला त्याचं नाव दिलं, तो जिवंत असताना, ही त्या क्लबची मोठीच गोष्ट. तिथल्या लोकांना किस्से आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तरीही स्टँडला नाव दिलं ते दहा नंबरच्या डाव्या पायासाठी.

ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांनी १९७५ चा तो डर्बीचा सामना शोधून बघा. बघून झालं की खाली लिहा, भारतीय असो वा परदेशी, असा कुठला खेळाडू तुम्हाला आठवतो ज्याच्या खेळाआधी त्याच्या भानगडी सांगितल्या जातात. मला त्यांच्याबद्दल वाचायचं आहे, पण खेळ आधी लिहा.