साहेब, जरा इकडे बघा

आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर एक जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारा कोळी, राहतो. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, ऐट मात्र आमदाराची. जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसणं या मंडळींना कमीपणाचं वाटतं. ते चालत जाऊन, दबा धरून झडप घालतात. त्यामुळे एका जागी स्थिर बसणं साहेबांच्या स्वभावातच नाही, आणि मला त्यांचे फोटो काढायचे असतात, त्यामुळे माझं घोडं नेमकं तिथंच अडतं.

बारीक गोष्टी मोठ्या टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत घरात उच्चारण्यासारखी नव्हती. म्हणून रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी बसवायची कडी, आणून कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्सच उलटी लावली. कोळी अवाढव्य दिसायला लागला, पण ऑटोफोकस गेला आणि फोकसची पट्टी मिलिमीटरपेक्षाही पातळ झाली. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर, आणि मी श्वास घेतला की डोळेही गायब. त्यामुळे कमरेत वाकून, श्वास कोंडून पुढे-मागे झुलायचं. समोरच्या गॅलरीतले काका याला प्राणायाम समजतात. फ्लॅशचा प्रकाश मऊ करायला मी बटरपेपर लावलाय. केक करायच्या दिवशी बायको तो शोधत असते.

खरा अपमान पुढेच आहे. याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन टपोरे. त्यांची भिंगं हलत नाहीत, आतला पडदा हलतो. तो थेट तुमच्याकडे बघत असला की डोळे काळेभोर दिसतात, नजर वळली की रंग फिका पडतो. म्हणजे त्याला माझा कंटाळा आल्याचं मला मोठं करून, स्पष्ट दिसतं! आणि कंटाळा नाही आला, तर तो मागे धागा चिकटवून सरळ लेन्सवर उडी मारतो. मग कॅमेरा खाली ठेवता येत नाही आणि त्याचा फोटोही काढता येत नाही.

एकदा आई झाडू घेऊन आली. मी घाईघाईने सांगितलं, "अगं, ठाण्यात सापडलेल्या यांच्यातल्या एका जातीला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळ्यांचं नाव दिलंय. आयसियस तुकारामी!"

आईने झाडू खाली केला. चष्मा सावरत जास्वंदीकडे वाकली.

"हा तोच का?"

"नाही, हा दुसरा."

"मग याला सांगून ठेव, त्यांच्या नावावर फार दिवस राहता येणार नाही."