दान स्वीकारणे हीसुद्धा जबाबदारी आहे

खासगी संग्राहकाने आपला संग्रह सार्वजनिक संग्रहालयाला दिला, की आपण त्याच्या दातृत्वाचे गोडवे गातो. पण घेणाऱ्याने पुढे काय करायचे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच घ्या. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर हे ना संस्थानिक होते, ना गिरणीमालक. सरकारी संग्रहालयांचा ओढा शिल्पे, नाणी आणि ताम्रपटांकडे असताना त्यांनी घराघरांतले दिवे, अडकित्ते, करंडे, वाद्ये, कोरीव दरवाजे गोळा केले. तळपायाचा मळ घासण्याची वज्री पाहावी: खाली खरखरीत धातू आणि वर, मुठीच्या जागी, डौलदार पक्षी. अशी वस्तू विकत घेण्याचा प्रस्ताव त्या काळी एखाद्या खात्यापुढे गेला असता, तर तो फायलीतच राहिला असता, असे मला वाटते. संग्राहकाचा हट्ट आणि त्याची विक्षिप्त आवड (होय, विक्षिप्तच) समितीच्या कामातून उगवत नाही.

अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव देऊन केळकरांनी हा संग्रह हयातीतच राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांतला अगदी थोडा भाग प्रेक्षकांसमोर मांडता येतो, कारण जुन्या वाड्यात जागाच नाही. म्हणजे व्यक्तीने आयुष्य वेचून जमवलेले समाजाच्या मालकीचे झाले खरे, पण त्यातले बहुतेक समाजाच्या नजरेआडच राहिले.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मिळाले, तेव्हा निदान ते मांडण्याजोगी प्रशस्त इमारत होती. प्रत्येक संग्रहाच्या नशिबी ती नसते.

जागेइतकीच मोठी अडचण नोंदींची. वस्तू कोणत्या गावातून, कोणाकडून, कशी आली, ही माहिती पुष्कळदा संग्राहकाच्या डोक्यातच असते. त्याच्या पश्चात मागे उरते ती सुंदर, पण मुकी वस्तू. म्हणून दानपत्रावर सही होण्यापूर्वीच संग्राहकाला समोर बसवून वस्तूगणिक नोंद करून घेणे आणि साठवण, जतन व मांडणी यांसाठी दरवर्षीची तरतूद लेखी बांधून देणे, या दोन अटी सरकारने स्वतःवर घालून घ्याव्यात. तेवढी तयारी नसेल, तर संग्राहकाला स्पष्ट नकार द्यावा. त्याला दुसरे दार ठोठावण्याची मोकळीक तरी राहील.